नावापुरते उरलेले लोक : केल्ट समाज आणि रोमचा विजय

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेले पत्र आपण मिस्साच्या वेळी कितीतरी वेळा ऐकलेले आहे. प्रेषिताच्या सर्व पत्रांमध्ये हे सर्वांत तापट पत्र. अभिवादनानंतर वाचकांविषयी देवाचे आभार मानण्याची पौलाची नेहमीची रीत येथे दिसत नाही. तो सरळ रागावतो, आणि तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तर वाचकांची अक्कलच काढतो. इतका जीव ज्यांच्यासाठी त्याने जाळला ते गलतीकर मुळात कोण होते, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही.

गलतिया हे नाव केल्ट वंशाच्या लोकांवरून पडले आहे. इ.स.पू. २७९ मध्ये केल्ट टोळ्या ग्रीस देशात डेल्फीपर्यंत घुसल्या होत्या. पुढच्याच वर्षी बिथिनियाचा राजा निकोमिडीस याने त्यांच्यातील काही टोळ्यांना लढाईसाठी आशिया मायनरमध्ये बोलावून घेतले. लढाई संपली, पण पाहुणे परत गेले नाहीत. आजच्या अंकाराच्या परिसरात तोलिस्तोबोगी, त्रोक्मी व तेक्तोसागेस अशा त्यांच्या तीन जमाती स्थायिक झाल्या. इ.स.पू. २५ मध्ये तेथे रोमन प्रांत स्थापन झाला आणि त्यात दक्षिणेकडचे इतर लोकही आले. त्यामुळे पौलाचे वाचक रक्ताने केल्ट होते की केवळ त्या प्रांताचे रहिवासी, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी या पत्रावर भाष्य लिहिताना एक मौजेची नोंद केली आहे. गलतीकरांची घरची बोली ही दूर पश्चिमेकडील त्रेव्हेरी जमातीच्या बोलीसारखीच आहे, असे ते म्हणतात. त्रेव्हेरींचे शहर म्हणजे आजच्या जर्मनीतील ट्रिअर. जेरोम तेथे काही काळ राहिले होते, आणि गलतियातूनही त्यांनी प्रवास केला होता.

एका टोकाला आयर्लंड आणि दुसऱ्या टोकाला तुर्कस्तान, एवढ्या विस्तारात केल्ट भाषा बोलल्या जात. आज युरोपच्या मुख्य भूमीवर ब्रिटनीचा किनारा सोडला तर केल्ट बोली कोठेच ऐकू येत नाही, आणि ती ब्रिटनीची बोलीदेखील पुढील काळात समुद्रापलीकडून, ब्रिटन बेटातून आलेली आहे. मधले लोक कोठे गेले? ते सारेच मारले गेले असे नाही. मग त्यांचे काय झाले, आणि त्यात ख्रिस्तसभेचा वाटा कोणता, हे या लेखात आम्ही पाहणार आहोत.

जमात आणि तिची घडण

केल्ट नावाचे एक राष्ट्र कधीच नव्हते. गॉल, म्हणजे साधारणपणे आजचा फ्रान्स, हा अनेक जमातींचा देश होता. एदुई, अर्व्हेर्नी, सेक्वानी, बितुरिगेस, कार्नुतेस, पारिसी अशी त्यांची नावे. प्रत्येक जमातीची भूमी वेगळी, देवस्थाने वेगळी आणि शेजाऱ्यांशी वैरही जुने. काही जमातींत राजे होते. एदुई लोकांनी मात्र राजेपद मोडून दरवर्षी एक अधिकारी निवडण्याची प्रथा पाडली होती. त्याला 'व्हेर्गोब्रेत' म्हणत. मनुष्याला जीवदान किंवा मृत्युदंड देण्याचा अधिकार त्याच्याकडे असे. पण कारकीर्द संपेपर्यंत त्याला जमातीची सीमा ओलांडता येत नसे. सत्ता एका हातात साठू नये यासाठीची ही काळजी रानटी म्हणता येईल अशी नाही.

ज्युलियस सीझरने गॉलविषयी लिहिताना समाजाचे तीन भाग सांगितले आहेत : द्रुइड, योद्धे आणि सामान्य जन. सामान्यांची स्थिती जवळजवळ गुलामांसारखी होती, असे तो म्हणतो. कर्ज व कर यांनी पिचलेला मनुष्य एखाद्या सरदाराच्या आश्रयाला जाई. हेल्व्हेती जमातीचा ओर्गेतोरिक्स स्वतःच्या खटल्याला दहा हजार माणसे घेऊन आला होता, आणि तो खटला उभाच राहू शकला नाही. तेव्हा जुन्या केल्ट समाजाचे गोडवे गाताना या कर्जदारांची आठवण ठेवलेली बरी.

द्रुइड हे पुरोहित, न्यायाधीश आणि शिक्षक होते. त्यांचा निवाडा जो मानणार नाही त्याला यज्ञबलींपासून दूर ठेवले जाई. अशा माणसाच्या सावलीलाही लोक उभे राहत नसत. वर्षातून एकदा कार्नुतेस जमातीच्या भूमीत, गॉलचा मध्य समजल्या जाणाऱ्या एका पवित्र जागी, सर्व द्रुइड एकत्र जमत आणि दूरदूरचे तंटे तेथे मिटवले जात. त्यांच्या धर्मात नरबळीही होते, असे रोमन व ग्रीक लेखक सांगतात.

त्यांच्या विद्येची एक रीत पुढे सर्वांत महाग पडली. द्रुइडाचे शिक्षण वीस वर्षांपर्यंत चाले, आणि ते सारे मुखोद्गत असे. लिहिता येत नव्हते असे नाही. हिशेबासाठी गॉल लोक ग्रीक अक्षरे वापरीत. हेल्व्हेतींच्या छावणीत सीझरला त्यांच्या शिरगणतीच्या याद्या सापडल्या, त्या ग्रीक अक्षरांतच होत्या. त्यांत लहानथोर मिळून ३,६८,००० जीव मोजलेले होते. म्हणजे माणसे मोजण्यासाठी लेखणी होती. देवांच्या कथा, वंशावळी, कायदा व गीते मात्र कंठातच ठेवायची, असा द्रुइडांचा दंडक होता. लिहून ठेवले की स्मरणशक्ती आळसावते आणि विद्या नको त्याच्या हाती जाते, अशी त्यांची भीती असावी, असे सीझरला वाटले. परिणामी आज या समाजाविषयी आपल्याला जे काही कळते, त्याचा मोठा भाग त्याला जिंकणाऱ्याच्या लेखणीतून आलेला आहे.

आठ वर्षे

रोमला केल्टांचे भय जुने होते. इ.स.पू. ३९० च्या सुमारास त्यांनी रोम लुटले होते. खंडणीचे सोने तोलताना ब्रेन्नुस नावाच्या त्यांच्या नायकाने आपली तलवारही पारड्यात टाकली, ही कथा रोमन मुले पिढ्यान्‌पिढ्या ऐकत. पहिल्या शतकापर्यंत भयाची जागा व्यापाराने घेतली होती. इटलीतील मद्याचे हजारो कुंभ गॉलमध्ये उतरत होते. डायोडोरस लिहितो की, एका कुंभाच्या बदल्यात व्यापाऱ्याला एक गुलाम मिळे. विजयाची सुरुवात अशी बाजारातून झाली होती.

इ.स.पू. ५८ मध्ये सीझर सैन्यासह आला तो बोलावण्यावरूनच. एदुई लोकांना रोमन जनतेचे 'बंधू' अशी पदवी होती. त्यांचा दिविसियाकुस हा नेता शेजाऱ्यांविरुद्ध मदत मागण्यासाठी रोमला जाऊन आला होता. सिसेरोने त्याची भेट घेतली होती आणि तो द्रुइड असल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. प्रत्येक जमातीत, किंबहुना जवळजवळ प्रत्येक घरात दोन तट आहेत, असे सीझरचे निरीक्षण होते. त्या तटांचा त्याने पुरेपूर उपयोग करून घेतला.

युद्धाचा सारा वृत्तांत देण्याचे येथे कारण नाही. काही गोष्टी मात्र विसरता येत नाहीत, आणि त्या सीझरनेच लिहून ठेवल्या आहेत. इ.स.पू. ५२ मध्ये अव्हारिकुम हे शहर पडले तेव्हा आतल्या चाळीस हजारांपैकी जेमतेम आठशे माणसे वाचली. त्याच वर्षी अर्व्हेर्नींचा तरुण सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स याने बहुतेक जमाती प्रथमच एका झेंड्याखाली आणल्या. पण अलेसिया येथे तो कोंडला गेला. रोमनांनी किल्ल्याभोवती तटबंदीची दोन कडी घातली, एक आतल्यांसाठी आणि दुसरे बाहेरून येणाऱ्या कुमकेसाठी. आत धान्य संपत आले. तेव्हा ज्यांचे ते गाव होते त्या मंदुबी जमातीच्या लोकांना, बायकामुलांसह, लढवय्यांनी बाहेर काढले. ते रोमन तटापाशी येऊन रडू लागले, आम्हांला गुलाम करा पण खायला द्या म्हणून विनवू लागले. सीझरने पहारे बसवून त्यांना आत घेण्यास मनाई केली. त्यांचे पुढे काय झाले हे तो सांगत नाही. दोन सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात ती माणसे मेली, असे नंतरचा इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो.

पराभवानंतर व्हर्सिंजेटोरिक्सने शरणागती पत्करली. सहा वर्षे तो कैदेत होता. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरच्या विजययात्रेत त्याला मिरवून नंतर ठार करण्यात आले. ही शिक्षा रोमच्या तुलियानुम तुरुंगात झाली, असे मानले जाते. रोमला गेलेले आपले यात्रेकरू 'मामेरतिनुम' या नावाने हीच जागा पाहून येतात, कारण संत पेत्र व संत पौल यांना येथे डांबले होते अशी परंपरा आहे. तेथे गुडघे टेकताना या तिसऱ्या कैद्याचीही आठवण व्हावी, असे आम्हांस वाटते.

चार पिढ्यांची नावे

विजयानंतर जमाती मोडल्या नाहीत. रोमनांनी त्यांना प्रशासनाचा घटक केले. जमातीची भूमी तीच राहिली, फक्त तिला एक राजधानी, एक सभा आणि कराची पाटी मिळाली. एदुईंची डोंगरावरील बिब्राक्त ही नगरी ओस पडत गेली आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर सपाटीला 'ऑगुस्तोदुनुम' हे नवे शहर वसले. तेच आजचे ओतँ. नावाचा पहिला भाग सम्राट ऑगस्टसचा, दुसरा केल्ट भाषेतील 'गढी'चा. या शहरातील विद्यालयांत सरदारांची मुले लॅटिन शिकू लागली. इ.स. २१ मध्ये कर्जाच्या बोज्यामुळे फ्लोरुस व साक्रोविर यांनी बंड केले, तेव्हा साक्रोविरने या विद्यार्थ्यांनाच ताब्यात घेतले, कारण त्यांच्या मागोमाग त्यांचे आईबाप बंडात येतील असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब चुकला आणि बंड मोडले गेले.

हे परिवर्तन कसे झाले ते एका शिलालेखात स्वच्छ दिसते. पश्चिम फ्रान्समध्ये सँत या गावी शारांत नदीच्या काठी एक रोमन कमान उभी आहे. ती इ.स. १८-१९ च्या सुमारास गायस यूलियस रुफुस याने बांधली आणि तिच्यावर आपली वंशावळ कोरली. पणजोबांचे नाव एपोत्सोरोविडुस, शुद्ध गॉल. आजोबा व वडील यांच्या नावांचा आरंभ 'गायस यूलियस' असा सीझरच्या घराण्याचा, आणि शेवट गॉल. रुफुसच्या नावात मात्र गॉल असे काहीच उरले नाही. चार पिढ्यांत एक घराणे रोमन झाले, आणि त्याला त्याचा अभिमानही होता. कोणी तलवार धरून ही नावे बदलायला लावली नव्हती.

याच रुफुसने ल्योंमध्ये एक रंगमंडल बांधून दिले. तेथे नद्यांच्या संगमावर इ.स.पू. १२ मध्ये रोम व ऑगस्टस यांची वेदी स्थापन झाली होती, आणि तीवर साठ जमातींची नावे कोरलेली होती. दरवर्षी ऑगस्ट महिन्यात सर्व जमातींचे प्रतिनिधी तेथे जमत. पूर्वी द्रुइड कार्नुतेसांच्या भूमीत जमत असत, आता जमाती सम्राटाच्या पूजेसाठी जमू लागल्या. द्रुइडांवर मात्र बंदी आली. ब्रिटनमधील मोना बेटावरील त्यांची पवित्र वने इ.स. ६० च्या सुमारास रोमन सैन्याने तोडली.

कुंभाराची मोजणी

सरदारांची मुले लॅटिन बोलू लागली तरी शेतात व कारखान्यात जुनीच भाषा चालू होती. दक्षिण फ्रान्समध्ये ला ग्रोफसेंक येथे तांबड्या चकचकीत रोमन भांड्यांच्या भट्ट्या होत्या. तेथील कारागिरांनी भट्टीतील मालाच्या याद्या बशांवर खरडून ठेवल्या आहेत. माल रोमन, अक्षरे रोमन. पण भट्ट्यांचे क्रमांक मोजलेले आहेत गॉल भाषेत. नववी भट्टी 'नामेतोस', दहावी 'देकामेतोस'. मराठी वाचकाला हे शब्द वाचताना नवम, दशम आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ते साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत आणि केल्ट या एकाच प्राचीन भाषाकुलाच्या लेकी आहेत.

तशीच ओळख १८९७ मध्ये कोलिन्यी येथे सापडलेल्या कांस्यपटावर पटते. ही दुसऱ्या शतकातील गॉल दिनदर्शिका पाच वर्षांची आहे. महिने चंद्राचे, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे आपल्याकडचे पंधरवडेच. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षाशी जुळावे म्हणून पाच वर्षांत दोन जादा महिने घातलेले आहेत. अधिक महिना ज्यांना ठाऊक आहे त्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. रोमन पंचांग सर्वत्र लागू असताना कोणीतरी कष्टाने हा पट कोरला. द्रुइडांनी जे कंठात ठेवले होते त्यातले थोडे अखेरच्या घटकेला तरी धातूवर उतरले.

रक्तसाक्षींची भूमी

इ.स. १७७ मध्ये ल्योंच्या वार्षिक मेळाव्याच्या सुमारास तेथील ख्रिस्ती लोकांवर संकट कोसळले. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनुस तुरुंगात मरण पावले. ब्लांदिना ही गुलाम स्त्री आणि पंधरा वर्षांचा पोंतिकुस यांना रंगमंडलात हाल करून मारण्यात आले. हे रंगमंडल रुफुसने बांधलेलेच होते. परंपरेनुसार रक्तसाक्षींची संख्या ४८ आहे. त्यांची राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. गॉलमधील ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे पहिले पान हे आहे.

पोथिनुस यांच्यानंतर बिशप झाले ते संत इरेनियस. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. ते मूळचे आशिया मायनरमधील स्मिर्नाचे, आणि ग्रंथ लिहिले ते ग्रीक भाषेत. आपल्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी ते वाचकांची क्षमा मागतात : मी केल्ट लोकांत राहतो, बहुतेक वेळ त्यांच्याच रांगड्या भाषेत बोलतो, तेव्हा माझ्याकडून भाषेचा डौल अपेक्षू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. या शब्दांत विनय आहे तशी एक वस्तुस्थितीही आहे. शुभवर्तमान गॉल जनतेपर्यंत पोहोचले ते तिच्या घरच्या बोलीतून. पण त्या बोलीत इरेनियस यांनी, किंवा त्यांच्यानंतर कोणी, काही लिहून ठेवल्याचे आढळत नाही. उपासनेची आणि ग्रंथांची भाषा आधी ग्रीक व मग लॅटिन झाली.

गॉल भाषा यानंतरही दोन-तीन शतके जगली. पाचव्या शतकात क्लेरमाँचे बिशप सिदोनियस अपोलिनारिस आपल्या मेहुण्याला एक पत्र लिहितात. तुझ्यामुळे इकडच्या कुलीन घराण्यांनी केल्ट बोलीची खपली एकदाची काढून टाकली, असे त्यात कौतुक आहे. क्लेरमाँ म्हणजे अर्व्हेर्नींची, व्हर्सिंजेटोरिक्सच्या जमातीची भूमी. लिहिणारा बिशप त्याच मातीवर उभा आहे, विद्वान आहे, पुढे संत म्हणूनही मानला गेला. आणि पूर्वजांच्या भाषेला तो खपली म्हणतो. सीझरच्या तलवारीला पाचशे वर्षांत जे साधले नव्हते, ते असे कौतुकाने पूर्ण झाले.

नावे परत आली

तरीही काही उरले, आणि ते ख्रिस्तसभेमुळे. चौथ्या शतकात साम्राज्य दुबळे झाले तसतशी गॉलमधील शहरांची रोमन नावे गळून पडू लागली आणि त्या जागी जमातींची नावे आली. लुतेतियाचे पॅरिस झाले ते पारिसींवरून. दुरोकोर्तोरुमचे रॅंस झाले रेमींवरून. ऑत्रिकुमचे शार्त्र झाले कार्नुतेसांवरून. द्रुइडांच्या वार्षिक सभेच्या त्या भूमीत आज पवित्र मरियेचे जगप्रसिद्ध महामंदिर उभे आहे. 'सीझरोदुनुम' हे सीझरच्या नावाचे शहर तुरोनेस जमातीवरून तूर झाले, आणि संत मार्टिन तेथलेच बिशप. प्रत्येक जमातीच्या राजधानीत एक बिशप बसला आणि जमातीची सीमा ही धर्मप्रांताची सीमा झाली. या सीमा बऱ्याच अंशी १७९० पर्यंत, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती होईपर्यंत टिकल्या. सम्राट गेले, फ्रँक आले, राजघराणी बदलली. पण मंदुबींच्या शेजाऱ्यांनी आखलेले बांध बिशपांच्या दप्तरात राहिले.

चौकट टिकली, आवाज टिकला नाही. तो टिकला असता काय, याचे उत्तर आयर्लंड देते. तेथे रोमन सैन्य कधी गेलेच नाही. पाचव्या शतकात संत पॅट्रिक गेले, तेही पूर्वी त्याच देशात गुलाम म्हणून राबलेले. त्यांच्यानंतरच्या मठवासीयांनी लॅटिन शिकले, आणि त्याच लेखणीने आपल्या लोकांचे कायदे, वंशावळी व ख्रिस्तपूर्व वीरांच्या कथासुद्धा आयरिश भाषेत लिहून ठेवल्या. धर्म तोच, उपासनेची भाषाही तीच लॅटिन. गॉलमध्ये शिकलेल्यांना घरच्या भाषेची लाज वाटली, आयर्लंडमधल्या मठवासीयांना ती वाटली नाही. फरक एवढाच होता, आणि तो फार मोठा ठरला.

जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे आठव्या शतकातील एक हस्तलिखित जपलेले आहे. त्यात संत पौलाची पत्रे आहेत, लॅटिन भाषेत. ओळींच्या मधल्या जागेत आणि समासात आयरिश मठवासीयांनी बारीक अक्षरांत स्पष्टीकरणे लिहिली आहेत, ती आपल्या घरच्या भाषेत. याच टीपांच्या मोठ्या आधाराने योहान कास्पार झॉइस या पंडिताने १८५३ मध्ये केल्ट भाषांचे व्याकरण सिद्ध केले. त्या पत्रांमध्ये गलतीकरांस लिहिलेले पत्रही आहे. अंकाराकडच्या केल्टांच्या नावाने निघालेले ते पत्र सात शतकांनी दुसऱ्या एका केल्टाच्या हाती पडले, आणि त्याचा अर्थ त्याने आपल्या आईच्या बोलीत लिहून ठेवला.

पुढच्या वेळी मिस्सात हे वाचन होईल तेव्हा आपल्याला त्या दोघांचीही आठवण होवो. आणि घरी परतल्यावर ज्या बोलीत आपली आजी रोझरीनंतर गोष्टी सांगत असे, त्या बोलीतले आपण काय लिहून ठेवले आहे, हेही प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.